टिपणाकडून यादीकडे : पक्षिनिरीक्षणविषयक नियतकालिकांचा ऱ्हास आणि बदलती निरीक्षणसंस्कृती

प्रास्ताविक

पक्षिनिरीक्षण हा विषय आपल्याकडे प्रामुख्याने प्राणिशास्त्राच्या किंवा पर्यावरणशास्त्राच्या अंगाने चर्चिला जातो. परंतु पक्षी पाहिला म्हणजे निरीक्षण पूर्ण झाले, असे होत नाही. पाहिलेले लिहिले जाते, छापले जाते, दुसऱ्याने वाचले जाते आणि त्याला कोणीतरी दुजोरा देतो किंवा हरकत घेतो, तेव्हा ते ज्ञानव्यवहारात दाखल होते. या अर्थाने पक्षिनिरीक्षणाचा इतिहास हा एका विशिष्ट प्रकारच्या गद्यलेखनाचाही इतिहास आहे. हे गद्य ज्या नियतकालिकांनी जोपासले, त्यांपैकी अनेक बंद पडली, काहींचे स्वरूप बदलले, तर काहींचे पूर्वीचे मध्यवर्ती स्थान उरले नाही. त्याच काळात पक्षी पाहणाऱ्यांची संख्या मात्र अनेक पटींनी वाढली. वाचक वाढावेत अशी परिस्थिती असताना नियतकालिके क्षीण व्हावीत, हा विरोधाभास प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

या ऱ्हासाकडे दोन टोकांच्या भूमिकांतून पाहिले जाते. 'आता सर्व काही भ्रमणध्वनीवर उपलब्ध आहे, मग छापील अंकाची गरज काय?' अशी एक भूमिका आहे. तर 'पूर्वीचे निरीक्षक राहिले नाहीत' असा हळहळीचा सूर ही दुसरी. या दोन्ही भूमिका अपुऱ्या आहेत. नियतकालिकांबरोबर माहिती लोपली नाही. उलट ती विपुल झाली. लोप पावत आहे तो 'टिपण' हा गद्यप्रकार, आणि त्याबरोबर हौशी निरीक्षकाला मिळणारी एक बौद्धिक जागा. भारतातील, विशेषतः मुंबईत उगम पावलेल्या 'न्यूजलेटर फॉर बर्डवॉचर्स' या नियतकालिकाच्या आधारे हे मत येथे तपासून पाहावयाचे आहे.

नियतकालिकांची परंपरा

भारतातील पक्षिविषयक नियतकालिकांची परंपरा ॲलन ऑक्टेव्हियन ह्यूम यांच्यापाशी सुरू होते. राष्ट्रीय सभेच्या संस्थापकांपैकी एक म्हणून ह्यूम आपणांस परिचित आहेत. परंतु त्याआधी ते या उपखंडातील पक्षिशास्त्राचे प्रमुख संघटक होते. १८७२ मध्ये त्यांनी 'स्ट्रे फेदर्स' हे नियतकालिक सुरू केले. देशभर विखुरलेले सनदी अधिकारी, लष्करी अधिकारी आणि अभियंते आपापल्या मुलुखातील नोंदी त्यांच्याकडे पाठवीत. पुढे ह्यूम यांच्या अनुपस्थितीत त्यांच्या सिमल्याच्या घरातून अनेक वर्षांची हस्तलिखिते रद्दीत विकली गेली. १८८५ मध्ये त्यांनी आपला प्रचंड पक्षिसंग्रह ब्रिटिश म्युझियमला दिला आणि १८८८ मध्ये 'स्ट्रे फेदर्स'ही थांबले. एका व्यक्तीच्या उत्साहावर उभे राहिलेले नियतकालिक त्या व्यक्तीबरोबरच संपते, याचे हे आपल्याकडील पहिले ठळक उदाहरण होय. रद्दीत गेलेले परत आले नाही. जे छापले गेले होते, तेवढेच उरले, हेही येथे लक्षात घ्यावे.

१८८३ मध्ये मुंबईत स्थापन झालेल्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने १८८६ पासून आपले जर्नल सुरू केले आणि या परंपरेला संस्थात्मक आधार मिळाला. मात्र जर्नलचा आवाका संपूर्ण निसर्गेतिहासाचा होता आणि त्याची शिस्त शास्त्रीय होती. गच्चीवरून दिसलेल्या घारीच्या घरट्याविषयी चार ओळी लिहू इच्छिणाऱ्या कारकुनाला किंवा शिक्षकाला तेथे लिहिण्याचा संकोच वाटणे स्वाभाविक होते. ही उणीव झफर फतेहअली यांनी भरून काढली. 'न्यूजलेटर फॉर बर्डवॉचर्स'चा पहिला अंक डिसेंबर १९५९ मध्ये निघाला. सुरुवातीला तो सायक्लोस्टाइल केलेला असे आणि दरमहा वर्गणीदारांना टपालाने जाई. सलीम अली यांच्यासारख्या ज्येष्ठ शास्त्रज्ञांचा पाठिंबा त्याला होता. पण त्याचा खरा लेखकवर्ग हौशी निरीक्षकांचा होता. केरळचे के. के. नीलकंठन, बिहारमधील जमाल आरा, सौराष्ट्रातील लवकुमार खाचर अशी दूरदूरची माणसे त्याच्या पानांवर एकमेकांना भेटत. फतेहअली बंगळूरला स्थायिक झाल्यावर नियतकालिकही तेथे गेले. चार दशकांहून अधिक काळ त्यांनी त्याचे संपादन केले. २०१३ मध्ये त्यांचे निधन झाले. तत्पूर्वीच 'न्यूजलेटर' हे हौशी निरीक्षकांचे मध्यवर्ती व्यासपीठ राहिलेले नव्हते.

हा बदल केवळ भारतातला नाही. इंग्लंडमध्ये १९८७ साली 'ट्विचिंग' या नावाने सुरू झालेले आणि लवकरच 'बर्डिंग वर्ल्ड' असे नामांतर झालेले मासिक दुर्मीळ पक्ष्यांच्या बातम्यांसाठी ख्यातनाम होते. ते २०१४ च्या आरंभी बंद झाले. दुर्मीळ पक्ष्याची वार्ता प्रथम दूरध्वनी सेवेवर, मग पेजरवर आणि शेवटी आंतरजालावर काही मिनिटांत मिळू लागली, तेव्हा महिन्याने येणाऱ्या बातमीचे मोल घटले. अमेरिकेत १९७८ पासून निघणारे 'बर्ड वॉचर्स डायजेस्ट' डिसेंबर २०२१ मध्ये बंद पडले आणि पुढच्या वर्षी नव्या व्यवस्थापनाखाली, संक्षिप्त नावाने पुन्हा सुरू झाले. याउलट १९०७ मध्ये स्थापन झालेले 'ब्रिटिश बर्ड्स' आजही निघत आहे. या तीन उदाहरणांवरून एक अनुमान काढता येते. ज्या नियतकालिकाचा मुख्य आधार बातमी हा होता, त्याला नव्या माध्यमाने सर्वाधिक धक्का दिला. ज्याचा आधार परीक्षण, चर्चा आणि संदर्भमूल्य हा होता, त्याला तग धरता आला.

टिपण : एक गद्यप्रकार

'न्यूजलेटर'सारख्या नियतकालिकाचा गाभा टिपण हाच होता. त्याचे वाङ्मयीन स्वरूप आजवर फारसे तपासले गेलेले नाही. टिपण हे ललित निबंधाहून वेगळे असते, कारण त्यात लेखकाच्या मनःस्थितीला दुय्यम स्थान असते. ते शोधनिबंधाहूनही वेगळे असते, कारण त्याला सिद्धान्ताची सक्ती नसते. त्याची चार लक्षणे सांगता येतील. पहिले, त्यात स्थळ, काळ आणि निरीक्षक निश्चित असतात. दुसरे, पक्षी काय करीत होता हे क्रियापदांच्या आधारे सांगितलेले असते; केवळ त्याच्या अस्तित्वाची नोंद पुरेशी मानली जात नाही. तिसरे, शंकेला त्यात प्रतिष्ठा असते. 'मला खात्री नाही' हे वाक्य टिपणाला कमीपणा आणीत नाही. चौथे आणि सर्वांत महत्त्वाचे, टिपण उत्तराची अपेक्षा ठेवते. पुढच्या अंकात कोणीतरी त्याला पुष्टी देतो, कोणी दुरुस्ती सुचवितो, कोणी आपल्या गावचा वेगळा अनुभव मांडतो. अशा रीतीने अंकामागून अंक एक संथ संवाद चालू राहतो.

अशा लेखनाचे सामर्थ्य समजून घेण्यासाठी सलीम अली यांचे सुगरण पक्ष्यावरील काम आठवावे. १९३० मध्ये अलिबागजवळील किहीम येथे त्यांनी सुगरणींच्या वसाहतीचे दीर्घकाळ निरीक्षण केले आणि ते १९३१ मध्ये सोसायटीच्या जर्नलमध्ये प्रसिद्ध झाले. नर अर्धवट घरटे विणतो, मादी येऊन ते तपासते, पसंत पडल्यास त्याचा ताबा घेते. नर ते पूर्ण करतो आणि मग दुसऱ्या घरट्याच्या आणि दुसऱ्या मादीच्या मागे लागतो, हा क्रम त्यांनी उलगडला. त्यासाठी मौल्यवान उपकरण लागले नाही; एका जागी बसण्याची चिकाटी लागली. हे काम अर्थातच टिपणापेक्षा मोठे आणि पूर्ण शोधनिबंधाच्या दर्जाचे आहे. परंतु त्याची बीजे दैनंदिन टिपणांतच असतात. त्या दिवशीच्या किहीमची केवळ यादी केली असती, तर 'सुगरण' या शब्दापुढे एक संख्या आली असती. ती संख्या खरी असली, तरी सुगरणीविषयीचे ते ज्ञान तिच्यातून मिळाले नसते.

छापील नोंदीचे दुसरे सामर्थ्य म्हणजे ती फेरतपासणीला उपलब्ध राहते. रानपिंगळ्याचा इतिहास या दृष्टीने बोलका आहे. या छोट्या घुबडाचे शास्त्रीय वर्णन ह्यूम यांनी १८७३ मध्ये 'स्ट्रे फेदर्स'मध्येच केले. पुढे खानदेशातून त्याचे काही नमुने मिळाले. १८८४ नंतर मात्र खात्रीलायक नमुना मिळाला नाही. रिचर्ड माइनर्त्झहागेन यांनी १९१४ मध्ये गुजरातेत तो मिळविल्याचा दावा केला होता. पामेला रासमुसेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी संग्रहालयांतील नमुने आणि जुन्या नोंदी काटेकोरपणे पडताळल्या, तेव्हा हा नमुना दुसऱ्याच्या संग्रहातून घेऊन नवी चिठ्ठी लावलेला असल्याचे सिद्ध झाले. खोटी नोंद बाजूला सारून खऱ्या नमुन्यांच्या स्थळांचा मागोवा घेतल्यामुळेच शोधाची दिशा निश्चित झाली आणि नोव्हेंबर १९९७ मध्ये, ११३ वर्षांनंतर, शहादा परिसरात रानपिंगळा पुन्हा दिसला. कोणी, कोठे, केव्हा आणि कशाच्या आधारे लिहिले, या चार प्रश्नांची उत्तरे शतकानंतरही मागता येणे, हे लिखित नोंदीचे मर्म होय.

यादीचे सामर्थ्य

असे असले तरी नव्या व्यवस्थेचे योगदान मोकळेपणाने मान्य केले पाहिजे. अमेरिकेतील कॉर्नेल पक्षिशास्त्र प्रयोगशाळा आणि ऑड्युबॉन सोसायटी यांनी २००२ मध्ये 'ई-बर्ड' सुरू केले. गेल्या दशकात 'बर्ड काउंट इंडिया'च्या प्रयत्नांतून भारतात त्याचा मोठा प्रसार झाला. 'स्टेट ऑफ इंडियाज बर्ड्स' या अहवालाच्या २०२० च्या आवृत्तीत सुमारे १५,५०० निरीक्षकांच्या एक कोटीहून अधिक नोंदींच्या आधारे ८६७ जातींचा आढावा घेण्यात आला. २०२३ च्या आवृत्तीत हेच आकडे ३०,००० निरीक्षक, तीन कोटी नोंदी आणि ९४२ जाती असे झाले. त्यातून १७८ जातींना संवर्धनाच्या दृष्टीने उच्च प्राधान्य देण्यात आले. केरळात २०१५ ते २०२० या काळात स्वयंसेवकांच्या साहाय्याने राज्याचा पक्षि-नकाशासंग्रह तयार झाला. कोणत्याही मासिकाच्या टपालपेटीतून हे कार्य होणे शक्य नव्हते.

सामाजिक दृष्टीनेही हा बदल स्वागतार्ह आहे. जुन्या नियतकालिकांची भाषा इंग्रजी होती आणि त्यांचा लेखकवर्ग बहुतांशी शिक्षित, सुस्थितीतील आणि शहरी होता. आज तालुक्याच्या गावातील विद्यार्थी आपली यादी थेट दाखल करू शकतो. त्यासाठी त्याला संपादकाची मर्जी किंवा सफाईदार इंग्रजी लागत नाही. ध्वनी ओळखणाऱ्या सुविधांमुळे नवशिक्याची भीतीही कमी झाली आहे. दाखल झालेल्या असंभाव्य नोंदी परीक्षक तपासतात, टिप्पणीसाठी रकाना असतो, छायाचित्र जोडता येते आणि संवेदनशील जातींची नेमकी ठिकाणे लपविण्याची व्यवस्थाही आहे. तेव्हा नवी व्यवस्था बेजबाबदार आहे, हा आक्षेप टिकणारा नाही.

प्रश्न निराळा आहे. यादीचा परीक्षक 'हा पक्षी तोच आहे काय?' असे विचारतो. मासिकाचा संपादक 'मग पुढे काय झाले?' असेही विचारीत असे. पहिल्या प्रश्नाने नोंद अचूक होते. दुसऱ्या प्रश्नाने निरीक्षक घडतो. टिप्पणीचा रकाना उपलब्ध असला, तरी तेथे लिहिलेले मजकूर म्हणून वाचणारा वाचकसमूह नाही. आणि ज्याला वाचक नाही, ते गद्य हळूहळू लिहिले जाईनासे होते. शिवाय यादीच्या व्यवस्थेत जातींची वाढती संख्या सतत डोळ्यांसमोर राहते. त्यामुळे नव्या जातीकडे धाव घेण्याची ओढ वाढते आणि अंगणातील बुलबुलाकडे दहाव्यांदा पाहण्याचे कारण उरत नाही. अंकीय कॅमेऱ्याने या प्रवृत्तीत भर घातली. छायाचित्र हा पुरावा म्हणून अमूल्य आहे. परंतु छायाचित्र मिळाले की पाहणे संपले, अशी धारणा रूढ होत आहे. ध्वनिमुद्रित साद वाजवून पक्ष्याला बाहेर काढणे किंवा घरट्याजवळ गर्दी करणे या प्रकारांविषयी खुद्द निरीक्षकांच्या वर्तुळातच चिंता व्यक्त होते, ती याच कारणाने.

हरवलेली मधली जागा

येथे एक प्रतिवाद संभवतो. नियतकालिके संपली असे म्हणणे वस्तुस्थितीला धरून आहे काय? आशीष पिट्टी यांच्या संपादनाखाली २००४ मध्ये 'न्यूजलेटर फॉर ऑर्निथॉलॉजिस्ट्स' सुरू झाले आणि पुढच्याच वर्षी ते 'इंडियन बर्ड्स' या नावाने निघू लागले. अरुणाचल प्रदेशातील ईगलनेस्ट येथे रमणा आत्रेय यांना आढळलेल्या 'बुगुन लिओसिक्ला' या नव्या जातीचे वर्णन २००६ मध्ये याच नियतकालिकात प्रसिद्ध झाले. पक्ष्याची संख्या अत्यल्प असल्याने त्याला न मारता, छायाचित्रे, पिसे आणि तपशीलवार वर्णन यांच्या आधारे ही जात प्रस्थापित करण्यात आली. वर्णनात्मक गद्याचे मोल याहून अधिक स्पष्ट कसे व्हावे? स्थलांतरित पक्ष्यांच्या आगमनाची नोंद करणारा 'मायग्रंटवॉच' हा उपक्रमही २००७ मध्ये याच नियतकालिकाच्या सहकार्याने सुरू झाला. म्हणजे मासिक आणि माहितीसंच हे परस्परांचे शत्रू नाहीत.

हा प्रतिवाद रास्त आहे. परंतु त्यातूनच मूळ मुद्दा अधिक नेमका होतो. आज एका टोकाला समीक्षित शोधनिबंध आहे आणि दुसऱ्या टोकाला यादी. पहिल्यासाठी पद्धतिशास्त्राचे प्रशिक्षण हवे. दुसरीसाठी काही मिनिटे पुरतात. या दोहोंमधील जागा, म्हणजे ज्याला शास्त्रज्ञ व्हावयाचे नाही पण केवळ मोजणारा हातही राहावयाचे नाही, अशा सुबुद्ध हौशी माणसाची जागा आक्रसली आहे. यादी दाखल करणारा निरीक्षक माहितीचा पुरवठादार ठरतो. तिचा अर्थ अन्यत्र, इतरांकडून लावला जातो. 'न्यूजलेटर'चा वर्गणीदार स्वतः अर्थ लावण्याचे धाडस करीत असे, प्रसंगी चुकत असे आणि चूक सुधारली जात असे.

आपण प्राध्यापकही या आक्रसण्यापासून अलिप्त नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१० च्या विनियमांनी शैक्षणिक कार्यनिष्पत्ती निर्देशांक आणला आणि लेखनाचे मोल गुणांत मोजण्याची सवय दृढ झाली. पुढे नियम बदलत गेले, सवय राहिली. गुणांकनाच्या दृष्टीने दोन परिच्छेदांचे स्थानिक टिपण हे जवळजवळ अदृश्य लेखन होय. महाविद्यालयाच्या आवारातील वडावर दरवर्षी कोणते पक्षी कोणत्या आठवड्यात येतात, हे जाणणारे सहकारी अनेक ठिकाणी असतात. ते लिहीत नाहीत, कारण त्यासाठी कोणतीही जागा आणि कोणतेही प्रयोजन शिल्लक ठेवलेले नाही. सेवानिवृत्तीबरोबर ते ज्ञानही आवाराबाहेर जाते.

मराठीच्या संदर्भात

मराठीच्या बाबतीत हा प्रश्न अधिक गंभीर होतो. मराठीत पक्ष्यांविषयी उत्तम ललित लेखन झाले आहे. मारुती चितमपल्ली यांनी अरण्यात व्यतीत केलेल्या आयुष्यातून शब्दांचे मोठे भांडार मराठीला दिले. 'पक्षिकोश' हे त्यांचे कार्य तर संदर्भग्रंथाच्या योग्यतेचे आहे. महाराष्ट्र शासनाने २०२० पासून त्यांचा जन्मदिवस ५ नोव्हेंबर ते सलीम अली यांचा जन्मदिवस १२ नोव्हेंबर हा काळ पक्षी सप्ताह म्हणून साजरा करण्याचे ठरविले, हे औचित्यपूर्णच आहे. जून २०२५ मध्ये चितमपल्ली यांचे निधन झाले. पक्षिमित्रांची संमेलनेही महाराष्ट्रात भरत आली आहेत. मात्र ललित लेखनाला वाचकाची दाद मिळते; टिपणाला वाचकाचे उत्तर मिळते. दुसऱ्या प्रकारची परंपरा मराठीत तितकी रुजली नाही. ती रुजण्याआधीच यादीचे युग आले.

तोटा केवळ वाङ्मयीन नाही. पावशाच्या आवाजात 'पेर्ते व्हा' ऐकणाऱ्या शेतकऱ्याने पक्षी, पाऊस आणि पेरणी यांचा संबंध एका शब्दसमूहात बांधून ठेवला आहे. हा संबंध आज कोणत्या गावात टिकून आहे, पावशा बोलू लागण्याचा काळ आणि पेरणीचा काळ यांचा मेळ अजून बसतो काय, हे प्रश्न यादीतील संख्येला विचारता येत नाहीत. ते मराठीत लिहिलेल्या, दिनांकित आणि स्थळबद्ध टिपणांनाच विचारता येतील.

समारोप

'स्टेट ऑफ इंडियाज बर्ड्स'च्या २०२३ च्या अहवालातील एक तपशील या चर्चेच्या शेवटी महत्त्वाचा वाटतो. आढावा घेतलेल्या ९४२ जातींपैकी केवळ ३३८ जातींचा दीर्घकालीन कल ठरविता आला; कारण त्यासाठी २००० पूर्वीच्या काळाशी तुलना आवश्यक होती आणि त्या काळातील पुरेशा नोंदी उरलेल्या जातींबाबत उपलब्ध नव्हत्या. ज्यांचा कल ठरला, त्यांपैकी सुमारे ६० टक्के जाती घटल्याचे दिसले. म्हणजे आजचे अद्ययावत विश्लेषणही शेवटी कोणीतरी जुन्या वहीत जे लिहून ठेवले, त्याच्याच आधाराने उभे आहे. भूतकाळाने आपल्यासाठी संख्या कमी ठेवल्या. आपण भविष्यासाठी संख्या भरपूर ठेवू. पण पक्षी काय करीत होते, लोक त्यांना काय म्हणत होते आणि कोणत्या शंका अनुत्तरित होत्या, हे न लिहिल्यास आपली पोकळी वेगळ्या प्रकारची असेल.

बंद पडलेले मासिक जसेच्या तसे पुनरुज्जीवित करणे शक्य नाही आणि आवश्यकही नाही. त्याचे कार्य मात्र पुढे चालविता येईल. महाविद्यालयीन नियतकालिकांना आणि वार्षिकांकांना 'स्थानिक निसर्गनोंदी' असा एक छोटा, संपादित आणि उत्तरे छापणारा विभाग सुरू करता येईल. प्राणिशास्त्र विभागाने त्यातील ओळख तपासावी, मराठी विभागाने त्याची भाषा पाहावी आणि विद्यार्थ्याने यादी दाखल केल्यानंतर त्याच सकाळच्या एका पक्ष्याविषयी दहा ओळी लिहाव्यात. यासाठी अनुदान लागत नाही. यादी आणि टिपण यांपैकी एकाची निवड करण्याचे कारण नाही. यादीने पक्ष्यांची गणना होते, टिपणाने पाहणाऱ्याची दृष्टी घडते. ही दृष्टी घडविण्याचे काम फतेहअलींच्या सायक्लोस्टाइल केलेल्या पानांनी अल्प साधनांत केले होते. आज ते करण्याची जबाबदारी शिक्षणसंस्थांनी स्वीकारावी, एवढाच या विवेचनाचा आग्रह आहे.